तेलाचा ताप

मोटारीच्या इंजिनात पाणी आणि तेल हे दोघेही राबत असतात. परंतु लोक काळजी करतात ती पाण्याची. पाणी उकळले, की वाफ निघते, गाडी थांबते आणि रस्त्यावर चार माणसे गोळा होतात. तेलाचे तसे नाही. ते मुकाट्याने तापते आणि मुकाट्याने पातळ होते. इंजिनातील फिरता दांडा व त्याला धरणारा धातू यांच्यामध्ये तेलाचा केसाहूनही पातळ थर असतो. तो थर तुटला, की धातूवर धातू घासतो. पुढे काय होते, ते कोणताही मिस्त्री नुसती मान हलवून सांगेल!

हे सारे मी शिकलो ते उतारवयात, आणि तेही वहिनींच्या आजारपणामुळे. माझ्या थोरल्या वहिनींना मूत्रपिंडाचा विकार आहे. रक्तशुद्धीसाठी त्यांना आठवड्यातून दोनदा पाचगणीहून साताऱ्यास न्यावे लागते. जाताना पसरणीचा घाट उतरायचा, येताना तोच चढायचा. पुतण्याची मोटार जुनी. एकदा तेल बदलताना ते काळे पडलेले व करपट वासाचे निघाले, तेव्हापासून पुतण्याने धसकाच घेतला. चढावर तो दोन-दोनदा गाडी थांबवी. चार तास यंत्राला जोडलेल्या, थकून गेलेल्या वहिनी उन्हात निमूटपणे बसून राहत. पाण्याचा काटा जागच्या जागी. तेलाची खबर मात्र कोणालाच नाही.

शेवटी मिस्त्रींनी तेलाचे तापमान सांगणारा सेन्सर आणला. दिसायला तो एखाद्या जाड बोल्टाएवढा. त्याच्या टोकाशी असलेल्या पदार्थाचा विजेला होणारा विरोध उष्णता वाढली की कमी होतो, आणि त्यावरून डॅशबोर्डावरचा दर्शक अंशांचा आकडा दाखवतो. याला तार एकच! दुसरी तार कोठे आहे, असे मी विचारले, तेव्हा मिस्त्री हसून म्हणाले, “गुरुजी, सगळं इंजिनच दुसरी तार.” वीज सेन्सरच्या आट्यांतून इंजिनाच्या धातूत शिरते आणि तेथून बॅटरीकडे परतते. म्हणूनच गळती थांबवण्यासाठी आट्यांवर टेप गुंडाळण्याचे त्यांनी टाळले; तांब्याचा नवा वायसर तेवढा घातला.

बसवण्यापूर्वी परीक्षा झाली. बॅटरीला सेन्सर जोडून त्याचे टोक उकळत्या पाण्यात धरले. माझी नात आकड्याकडे डोळे लावून बसली होती. आकडा चढत चढत ९६ वर आला आणि तेथेच थांबला. “आजोबा, हा खोटं बोलतो! पाणी १०० अंशांना उकळतं,” ती म्हणाली. मिस्त्रीही क्षणभर विचारात पडले. माझ्यातला जुना शिक्षक जागा झाला. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच. येथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी १०० अंशांची वाट न पाहता ९६ च्या आसपासच उकळते. बिचारा सेन्सर खरे तेच सांगत होता. नातीने ते वहीत टिपून घेतले, पण दुसऱ्यांदा पाणी उकळून पाहिल्यावरच!

मग जुने तेल काढले. चेंबरच्या बाजूस तेल काढण्याचा नट असतो, त्याच्या जागी सेन्सर बसला. तो तळाशी असता, तर रस्त्यातल्या दगडाचा मार बसण्याची भीती होती. तार सायलेन्सरच्या तापणाऱ्या नळीपासून दूर नेली. नवे तेल भरले. इंजिन सुरू केल्यावर पाण्याचा काटा लवकर वर आला. तेल मात्र आपल्या संथ गतीनेच तापत राहिले.

पुढच्या फेरीला मी पुतण्याशेजारी बसलो. ११० अंशांपर्यंत चिंता नाही, १३० च्या पुढे मात्र जाऊ द्यायचे नाही, असे मिस्त्रींनी बजावले होते. परतताना वाई सोडली तेव्हा आकडा ९२ होता. धोम धरणाचे पाणी खाली दिसू लागले, तेव्हा १०४. पाण्याचा काटा तसूभरही हलला नव्हता! ११२ झाले, तसा पुतण्याने वेग किंचित कमी केला. ११४. पुढे दोन वळणे तोच आकडा. मग ११३.

त्या दिवशी गाडी घाटात एकदाही थांबली नाही. वहिनी मागे झोपल्या होत्या. दारात पोहोचून इंजिन बंद केले, तेव्हा त्यांना जाग आली आणि त्यांनी विचारले, “घाट लागला का रे?”