बार रूममधला डेमो

गेल्या आठवड्यात आपल्या तालुका कोर्टाच्या बार रूममध्ये पुण्याहून एक मुलगा आला होता. वकिलांसाठीचं सॉफ्टवेअर दाखवायला. मी खरं तर चहाला गेलो होतो, पण बसलो.

मुलगा हुशार. 'एआय'नं दाव्याचा मसुदा दोन मिनिटांत करून दाखवला. ज्युनिअर मंडळी खुर्च्या पुढे ओढून बसली. सीनिअर मात्र डायरीत तारखा उतरवत होते. मग प्रश्न सुरू झाले.

"तारीख तर ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर नंबर टाकला की फुकट दिसते. तुम्ही पैसे कशाचे घेता?" तो म्हणाला, सगळ्या केसेस एकत्र दिसतील, पक्षकाराला आपोआप मेसेज जाईल. बरं. "पण तुमच्या ॲपनं तारीख चुकवली आणि माझा दावा गैरहजेरीत निघाला, तर जबाबदार कोण?" "सर, ते टर्म्समध्ये लिहिलेलं आहे." टर्म्समध्ये काय लिहिलेलं असतं हे वकिलांना कोण सांगणार! सगळे हसले. तोही हसला बिचारा.

मग एका वकीलसाहेबांनी फाईलमधला हस्तलिखित फेरफार काढून दिला. झेरॉक्सची झेरॉक्स. इथली बरीचशी कामं जमिनीचीच, म्हणजे सातबारा, फेरफार, वाटणीपत्र, मधूनच एखादा मोडीतला कागद. त्यानं स्कॅन केलं. गट नंबरचा एक आकडा बदलला आणि विहिरीतला हिस्सा गायबच झाला. डेमो इंग्रजी कराराचा होता, तो झकास वाचला गेला होता. पण तसा करार इथे वर्षातून किती जणांकडे येतो? आणि विहिरीतल्या हिश्श्यावरून आपल्याकडे दोन-दोन पिढ्या भांडतात.

कायद्यांचंही तेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, फसवणुकीचं ४२० आता ३१८(४) झालं. पण त्याआधीचे गुन्हे जुन्याच कलमांखाली चालणार. म्हणजे सॉफ्टवेअरला गुन्ह्याची तारीख बघून कलम लावता आलं पाहिजे. ते जमतंय असं दिसलं नाही.

निवाड्यांचा विषय निघाला तेव्हा एक ज्युनिअर मॅडम बोलल्या. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे कोर्टात दिले. पाच हजार डॉलरचा दंड झाला. मॅडम म्हणाल्या, "मला निवाडे कमी सापडले तरी चालतील. नसलेला एकही नको. आणि प्रत्येकाखाली मूळ निकालाची प्रत उघडली पाहिजे." मला वाटतं, त्या दिवशीची सगळ्यात नेमकी मागणी हीच होती.

मी पत्रकार, मध्ये बोलायला नको होतं. पण राहवलं नाही. माझ्या २००५-०६ च्या बातम्या एका जुन्या फॉन्टमध्ये आहेत. फाईल उघडते, पण दिसतात नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तो फॉन्ट आता माझ्याकडे नाही. म्हणून विचारलं, "उद्या तुमची कंपनी बंद पडली, तर यांच्या फायली कशा बाहेर काढायच्या? साध्या पीडीएफमध्ये, युनिकोडमध्ये मिळतील?"

लगेच तीन-चार वकिलांनी मान डोलावली. त्यांच्याकडेही तसले जुने दावे, कैफियती पडून आहेत.

शेवटी बारमधले सगळ्यात ज्येष्ठ वकीलसाहेब बोलले. पक्षकारानं विश्वासानं सांगितलेलं त्याच्या संमतीशिवाय बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे वकिलाला कायद्याचं बंधन आहे. "मग हे कागद तुमच्या सर्व्हरवर कोण कोण वाचणार? त्यावर तुमचं मशीन शिकणार का? हो की नाही, एवढंच लेखी द्या. आणि अडचण आली तर फोन माणसानं उचलावा, मराठी बोलणाऱ्या. बाकी दर-बिर नंतर बघू."

मुलगा म्हणाला, "सर, कंपनीला विचारून कळवतो." प्रश्न मात्र त्यानं सगळे लिहून घेतले, हे चांगलं केलं.

अजून उत्तर आलेलं नाही. आलं की इथेच टाकतो. तोवर आपल्या भागातल्या वकील मित्रांनी कमेंटमध्ये सांगा, तुमच्याकडे असं कुणी येऊन गेलंय का, आणि फायली परत मिळाल्या का?