साठच्या पुढे

आधी मागून ट्रकचा हॉर्न ऐकू आला. आपलं इंजिन बंद पडलंय हे मला त्यानंतर कळलं.

पुणे-सातारा हायवे, शिरवळच्या अलीकडे. काटा ७५ वर होता. दोन बारीक झटके बसले आणि थ्रॉटल कितीही पिळला तरी गाडी काही ऐकेना. क्लच दाबला, डावा इंडिकेटर दिला आणि तशीच घरंगळत गाडी कडेला घेतली. ट्रक इतक्या जवळून गेला की हेल्मेटच्या आत त्याची गरम हवा शिरली. पुढची पाच मिनिटं मी नुसता उभा होतो. मग सहज म्हणून स्टार्टर दाबला, तर गाडी पहिल्या झटक्यात सुरू. जणू काही झालंच नव्हतं.

गाडी बाबांची. १५० सीसीची, २०१२ सालची, कार्ब्युरेटरवाली. बाबा प्राथमिक शिक्षक होते. वाईहून धोमच्या पुढच्या शाळेत रोज याच गाडीवर जायचे. काचबिंदूमुळे कडेचं दिसणं कमी होत गेलं, तेव्हा त्यांनी स्वतःच किल्ली माझ्या हातात ठेवली. "घेऊन जा पुण्याला. कधी दगा दिला नाही हिने," म्हणाले. आई आत निघून गेली. गाडी सोडणं म्हणजे काय, हे त्या घरात तिघांनाही कळत होतं, पण कोणी बोललं नाही.

त्या रात्री पुण्यात पोचल्यावर मी फोनवर जे बोललो ते नीट आठवतंय. "बाबा, गाडीकडे तुम्ही लक्षच दिलं नाहीत. आज ट्रकखाली गेलो असतो." पलीकडून काहीच आलं नाही. मग म्हणाले, "माझ्याकडे तर कधी बंद पडली नाही रे." मला वाटलं, आता हे कबूल करणार नाहीत.

माझं काम बॅकएंडचं. ऑफिसात कोणी "माझ्या मशीनवर तर चालतंय" म्हणालं की आम्ही हसतो. बाबांचं वाक्य तेच होतं आणि मला ते ओळखू आलं नाही.

गॅरेजवाल्याने चक्कर मारली, गाडी बंद पडली नाही. गल्लीत ४० च्या वर जाणार कशी! त्याने प्लग बदलला. पुढच्या आठवड्यात परत तेच. मग कार्ब्युरेटर उघडून साफ केला. परत तेच. मग तो म्हणाला, "साहेब, कॉईल गरम होऊन मरतीये." हे मला पटलं, कारण इग्निशन कॉईल गरम झाली की स्पार्क जातो आणि थंड झाली की परत येतो, असं खरंच होतं. कॉईल बदलली. त्या रविवारी भोर फाट्यापर्यंत ८० ने जाऊन आलो, एकदाही बंद पडली नाही. मी मित्रांना सांगूनही टाकलं, कॉईल होती.

पुढच्या शनिवारी वाईला जाताना कात्रजला टाकी फुल केली. खेड शिवापूरच्या आधीच गाडी बंद.

तेव्हा मात्र स्वतःची लाज वाटली. प्रॉडक्शनवर असा बग आला असता तर मी एका वेळी एकच गोष्ट बदलली असती, नोंदी ठेवल्या असत्या. इथे महिनाभर नुसता दुसऱ्याच्या अंदाजांवर पैसे देत होतो. फोनमध्ये एक नोट उघडली आणि जेवढं आठवत होतं ते लिहिलं: कधी बंद पडली, किती वेगाला, किती मिनिटांनी, किती वेळ थांबल्यावर सुरू झाली, टाकीत पेट्रोल किती. शेवटचा रकाना उगाच घातला होता. गाडी बंद पडली त्या प्रत्येक वेळी टाकी नुकतीच भरलेली होती. भोर फाट्याच्या त्या यशस्वी रविवारी ती जेमतेम एक तृतीयांश होती.

हे उलटं होतं. पेट्रोल कमी पडून गाडी थांबत असेल, तर रिकाम्या टाकीत आधी थांबायला हवी.

उत्तर पेट्रोलमध्ये नव्हतं, हवेत होतं. अशा गाडीत पेट्रोलपंप नसतो. टाकी वर, कार्ब्युरेटर खाली, पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. जेवढं पेट्रोल उतरेल तेवढी हवा टाकीत यावी लागते, आणि त्यासाठी टाकीच्या झाकणात एक बारीक वाट असते. ती बुजली की आत निर्वात तयार होतो. पेट्रोलची उंची वीसेक सेंटिमीटर धरली, तर त्याचा दाब बाहेरच्या हवेच्या दीड टक्क्याच्या आसपास भरतो. म्हणजे टाकीतला दाब एवढासा उतरला तरी धार थांबते. टाकी भरलेली असताना वर हवा समजा एक लिटर असेल. तिचा दीड टक्का म्हणजे १५ मिलिलिटर, तीन चमचे! टाकी अर्धी असेल तर वर हवा भरपूर, तिला विरळ व्हायला वेळ लागतो. पेट्रोलची वाफही मध्ये लुडबुड करते, त्यामुळे हिशोब इतका सरळ नाही, पण दिशा हीच.

रविवारी सकाळी सहाला निघालो. मित्र मागून कारमध्ये, पार्किंग लाईट लावून. टाकी फुल. काही मिनिटं ८० ने चालवली आणि ते ओळखीचे झटके आले. कडेला घेतली, चोकला हात लावला नाही, स्टार्टर दाबला नाही. फक्त झाकणाला किल्ली लावली.

स्स्स.

आवाज अगदी छोटा होता, पण मित्रालाही ऐकू गेला. दहा-पंधरा सेकंद थांबून स्टार्टर दाबला, गाडी सुरू. एकदा झालं म्हणून विश्वास ठेवायचा नाही, कॉईलने तेवढं शिकवलं होतं. आणखी दोनदा केलं. एकदा झाकण उघडून, लगेच सुरू. एकदा न उघडता, तर सहा मिनिटं वाट पाहावी लागली.

घरी आल्यावर झाकणाची खालची बाजू नीट पाहिली. तिथे काळ्या रबराची एक गोल चकती होती, पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवलेली. सायकलच्या ट्यूबची. कडा इतक्या नेटक्या कापलेल्या की ती कुठल्या कात्रीने कापली हेसुद्धा मी सांगू शकलो असतो. शाळेत तक्ते बनवायला बाबा तीच वापरायचे.

२०१९ चा पावसाळा आठवला. धोमच्या बाजूला दिवसचे दिवस पाऊस थांबत नव्हता. टाकीत पाणी शिरलं होतं आणि बाबा शाळेपासून निम्म्या वाटेपर्यंत गाडी ढकलत आले होते. त्यानंतर पुन्हा कधी पाणी शिरलं नाही. त्यांनी ते दुरुस्त केलं होतं.

आणि त्यांच्यासाठी ते दुरुस्त झालंच होतं. रबर अगदी घट्ट बसलं नव्हतं, कडेने थोडी हवा आत जात असणार. बाबा ४५ ने चालवायचे. लिटरला ५५ धरलं तर तासाला ८०० मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल. मी ८० ने, लिटरला ३८, म्हणजे तासाला दोन लिटरहून जास्त. त्यांच्यापुरती हवा त्या फटीतून येत होती, माझ्यापुरती येत नव्हती. इतकी वर्षं ते रोज त्या गाडीवर गेले आणि ती एकदाही थांबली नाही. ते खरंच बोलत होते.

सुरीने चकती काढली, टाचणीने भोक मोकळं केलं. टाकी फुल करून शिरवळपर्यंत जाऊन आलो, मग आणखी दोन रविवार. नोटमध्ये तीन ओळी लिहिल्या आणि ती बंद केली.

फोन करायला मात्र दोन दिवस लावले. सांगावं की नाही, हा प्रश्न होता. "कचरा अडकला होता," म्हणालो असतो तर भागलं असतं. पण महिन्यापूर्वी मी जे बोललो होतो ते मागे घ्यायचं, तर खरं कारण सांगावं लागणार होतं. आणि खरं कारण त्यांच्या हातचं होतं.

"बाबा, झाकणाखाली रबर लावलं होतं ना तुम्ही?"

"हो. पाण्यासाठी."

मी सगळं सांगितलं. दाब, हवा, माझा वेग, त्यांचा वेग. आधी जे बोललो ते चुकीचं होतं, हेही सांगितलं, जरा घाईत. ते ऐकत होते. मधे एकदा "म्हणजे शिरवळला ते माझ्यामुळे," असं काहीतरी पुटपुटले. मी म्हणालो, तसं नाही. ते गप्प राहिले.

मग मास्तरांच्या आवाजात विचारलं, "आता रबर काढलंस, तर जूनमध्ये पाणी शिरेल त्याचं काय?"

याचा मी विचारच केला नव्हता. "कव्हर घालतो गाडीवर," म्हणालो.

"चालत्या गाडीवर कव्हर?"

मी गप्प.

"ये रविवारी," ते म्हणाले. "झाकण घेऊन ये. कडेचं मूळ वॉशर कडक झालं असेल, पाणी तिथून शिरतं. ते बदलायला हवं होतं मी. आईला सांगतो कात्री शोधायला, मला हल्ली सापडत नाही."