लिव्हरपूलचें तळघर

पोटापाण्यासाठीं गांव सोडून दूर गेलेल्या मनुष्यास परत ओढून आणणारें कांहींतरी प्रत्येक गांवांत असतें. कोणास तें ग्रामदैवताच्या जत्रेंत सांपडतें, कोणास नदीच्या घाटावर, तर कोणास शाळेच्या पटांगणांत. इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरांत हा मान एका तळघरास मिळालेला आहे. तेथें देव नाहीं, कीं एखाद्या वीराची समाधि नाहीं. विशीच्या आंतबाहेरच्या मुलांनीं एके काळीं तेथें गिटारी व ड्रम वाजवून लोकांच्या कानठळ्या बसविल्या, एवढेंच काय तें त्याचें माहात्म्य. परंतु हीं मुलें पुढें पांगलीं. कांहीं जगद्विख्यात झालीं, कांहीं चारचौघांसारखीं संसाराला लागलीं. आणि त्यांपैकीं कोणास पुन्हां एकत्र येऊन वाजवितां आलें व कोणास तें कधींच साधलें नाहीं, हा इतिहास मोठा विचार करण्याजोगा आहे. म्हणून आमच्या प्रवासांतील ही एक संध्याकाळ वाचकांपुढें ठेवीत आहों.

लंडनच्या यूस्टन स्थानकावरून निघालेली आगगाडी दोन-सव्वादोन तासांत लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीट स्थानकांत पोंचते. शहर मर्सी नदीच्या मुखाशीं वसलेलें असून आपल्या मुंबईशीं त्याचा संबंध जुना आहे. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें असतां तिकडचा कापूस येईनासा झाला. तेव्हां लँकेशायरच्या गिरण्यांसाठीं मुंबईहून जो कापूस जाऊं लागला तो याच बंदरांत उतरे. त्या व्यापारानें मुंबईस पैशाचा पूर आला आणि युद्ध संपतांच अनेकांचीं दिवाळीं वाजलीं, हें वाचकांस ठाऊक आहेच. बंदराच्या वैभवकाळांतील विटांच्या उंच वखारी अजून गल्लीबोळांतून दिसतात. अशाच एका अरुंद गल्लीचें नांव मॅथ्यू स्ट्रीट. तेथील एका वखारीच्या तळघरांत १६ जानेवारी १९५७ रोजीं ‘कॅव्हर्न’, म्हणजे गुहा, या नांवाचा क्लब उघडला. पॅरिसमध्यें जसे तळघरांतून जॅझ संगीताचे क्लब आहेत तसा आपल्याहि गांवीं एक असावा, अशी त्याचा मालक ॲलन सिटनर यास हौस होती.

नांवाप्रमाणें ती गुहाच होती. दगडी पायऱ्या उतरून खालीं गेलें कीं तीन लांबट, कमानदार दालनें लागत. हवा खेळण्यास वाट नसे. गर्दी दाटली म्हणजे भिंतींना घाम फुटे आणि छतावरून थेंब टपकत. त्या ओलीनें कधीं कधीं विजेचीं वाद्यें बंद पडत. सुरुवातीच्या त्या वर्षांत तेथें दारू मिळत नसे. दुपारच्या सुटींत आसपासच्या कचेऱ्यांतील मुलेंमुली येत, कांहींतरी खात, तासभर गाणें ऐकत आणि पुन्हां आपापल्या टेबलाशीं जाऊन बसत.

त्याच सुमारास गांवांतील क्वॉरी बँक शाळेंतील मुलांनीं ‘क्वॉरीमेन’ नांवाचा एक ताफा जमविला होता. त्या वेळीं ‘स्किफल’ नांवाच्या संगीताचें वेड पसरलें होतें. त्यास लागणारीं वाद्यें घरांतच मिळत. चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी व दोरी बांधली कीं खर्जाचें वाद्य तयार. आणि कपडे घासण्याची खांचेरी पत्र्याची फळी बोटांत अंगुस्तानें घालून खरवडली कीं ताल तयार. ताफ्याचा पुढारी जॉन लेनन हा सोळा वर्षांचा मुलगा होता. ६ जुलै १९५७ रोजीं वुल्टन या उपनगरांतील सेंट पीटर्स चर्चच्या जत्रेंत हा ताफा वाजला आणि त्याच दिवशीं लेननची पॉल मॅकार्टनीशीं ओळख झाली. पुढच्याच महिन्यांत क्वॉरीमेन कॅव्हर्नमध्यें वाजले. तेथें तेव्हां जॅझचें सोंवळें कडक होतें. लेननने रॉक गाण्यास आरंभ करतांच ‘हें बंद करा’ अशी चिठ्ठी मालकानें रंगमंचावर धाडली, अशी गोष्ट सांगतात.

सोंवळें फार दिवस टिकलें नाहीं. मालक बदलला, रुचि बदलली, आणि ९ फेब्रुवारी १९६१ रोजीं दुपारीं लेनन, मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन व त्यांचे दोन साथीदार ‘बीटल्स’ या नांवानें त्या रंगमंचावर उभे राहिले. पांच जणांस मिळून बिदागी पांच पौंड. तेथून ३ ऑगस्ट १९६३ पर्यंत ते जवळजवळ तीनशें वेळां तेथें वाजले. शेजारच्याच रस्त्यावर ज्यांचें रेकॉर्डांचें दुकान होतें त्या ब्रायन एप्स्टाइन यांनीं त्यांस प्रथम पाहिलें तें १९६१ च्या नोव्हेंबरांत, येथेंच. कीर्ति दाराशीं येऊन उभी असतां, १९६२ च्या ऑगस्टांत, पीट बेस्ट या जुन्या ड्रमवादकास वगळून त्याच्या जागीं रिंगो स्टार यास घेतलें. पुढें जग त्यांचें झालें, आणि तळघर त्यांस अपुरें पडलें.

तळघराचें दैव मात्र फिरलें. १९६६ सालीं क्लबाचें दिवाळें निघालें; त्याच वर्षीं खुद्द पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांच्या हस्तें तो पुन्हां उघडला. १९७३ सालीं जमिनीखालच्या रेल्वेसाठीं हवेची विहीर खणावयाची म्हणून क्लब बंद केला, वरची वखार पाडली आणि तळघर बुजवून टाकलें. पुढें ती विहीर कांहीं तेथें झालीच नाहीं! जागा मोटारी उभ्या करण्याच्या कामीं आली. ८ डिसेंबर १९८० रोजीं न्यूयॉर्कमध्यें लेननचा खून झाला. त्यानंतर जागा उकरून पाहिली, तों जुन्या कमानी वांचविण्याजोग्या नव्हत्या. तेव्हां ढिगांतल्या हजारों जुन्या विटा वेंचून काढल्या आणि बव्हंशीं त्याच जागेवर १९८४ सालीं नवें तळघर बांधलें.

आम्ही जें पाहिलें तें हें नवें तळघर. समोरच्या भिंतींतील विटांवर येथें वाजवून गेलेल्या ताफ्यांचीं व गवयांचीं नांवें आहेत, आणि त्या भिंतीशीं लेननचा पुतळा रेलून उभा आहे. आंत उतरतांच आमच्या मंडळींत दोन पक्ष पडले. वडील मंडळींचें म्हणणें असें कीं, मूळ वास्तु गेली, ही तिची प्रतिकृति. एवढ्यासाठीं इतक्या लांब कशास यावें? धाकट्यांचें उत्तर असें कीं, देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणून कोणी दर्शन सोडतो काय? रंगमंचावर गांवचाच एक ताफा जुनीं गाणीं वाजवीत होता. ऐकणाऱ्यांत पिकल्या केसांचीं माणसें होतीं तशीं शाळकरी मुलेंहि होतीं. वाद मिटला नाहीं, पण कोणाचा पाय तेथून निघेना हें खरें.

या वादाचा निकाल आमच्या मतें विटांत नसून माणसांत आहे. १९७० सालीं बीटल्स फुटले आणि ते चौघे त्यानंतर एकाहि रंगमंचावर एकत्र उभे राहिले नाहींत. साऱ्या जगानें विनवण्या केल्या, द्रव्याचीं आमिषें दाखविलीं, पण तो योग आला नाहीं. आणि १९८० नंतर तर येणें शक्यच नव्हतें. उलट, १९५७ च्या त्या जत्रेंत वाजविणाऱ्या सहा मुलांपैकीं लेननखेरीज बाकीचे पांच—पीट शॉटन, रॉड डेव्हिस, लेन गॅरी, एरिक ग्रिफिथ्स व कॉलिन हँटन—१९९७ च्या जानेवारींत कॅव्हर्नच्या चाळिसाव्या वाढदिवसास पुन्हां भेटले. यांत कोणी केंब्रिजला शिकून आलेला, कोणी खुर्च्यांना गाद्या बसविणारा कारागीर. जगाच्या दृष्टीनें अनामिक. शॉटनच्या डोक्यावर तर लेननने एकदां ती पत्र्याची फळी फोडून त्याची वाद्यसेवा संपविली होती! त्याच जुलैंत ते वुल्टनच्या चर्चच्या अंगणांत चाळीस वर्षांनीं पुन्हां वाजले, आणि मग कित्येक वर्षें देशोदेशीं वाजवीत राहिले.

मॅकार्टनीहि परतला, पण तो जुन्या सवंगड्यांवांचून. १४ डिसेंबर १९९९ रोजीं, पत्नीच्या निधनास दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं अशा वेळीं, त्यानें कॅव्हर्नमध्यें सुमारें तीनशें श्रोत्यांपुढें मुख्यतः आपल्या पोरवयांतील आवडतीं गाणीं गाइलीं. साथीस डेव्हिड गिलमूर व इयन पेस यांसारखे नामांकित वादक होते. २०१८ च्या जुलैंत तो पुन्हां येऊन गेला. साथीदार पहिल्या प्रतीचे होते, तरी ते त्याच्या गांवचे सोबती नव्हते.

कीर्ति मनुष्यास सर्व कांहीं मिळवून देते, परंतु ज्यांच्याबरोबर आपण पहिला बेसूर काढला त्यांची जागा तिला भरतां येत नाहीं. पांगलेले भाऊ सणास घरीं जमतात तेव्हां वाडा जुना राहिला आहे कीं त्याची इमारत झाली आहे हें कोणी विचारीत नाहीं. पंगतीस कोण आलें व कोणाचें पान रिकामें राहिलें, इकडेच सर्वांचें लक्ष असतें. वाचकहो, आपल्याहि घरीं असे कोणी दूर राहिलेले असतील. सहांतले पांच जमतात तोंवर बोलावणें धाडावें. उद्यांचा हिशेब कोणाच्याच हातीं नाहीं.