लेझरने रक्तवाहिनी बघताना उष्णता का मोजायची?



लेझर म्हटलं की लोखंड कापणारा किरण डोळ्यांसमोर येतो. त्याच लेझरने हातातल्या रक्तवाहिन्यांचं चित्र मिळतं म्हटलं, की वर्गात हमखास प्रश्न येतो, "सर, भाजत नाही का?" मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. उत्तर असं, की भाजू शकतं. म्हणूनच मोजावं लागतं.

या पद्धतीला फोटोअकूस्टिक इमेजिंग म्हणतात. प्रकाशामुळे पदार्थातून आवाज निघतो, हे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८० सालीच दाखवलं होतं. लेझरचा झोत काही नॅनोसेकंदच पडतो. रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषून घेतं, किंचित तापतं, फुगतं आणि त्यातून ध्वनिलहर निघते. ती यंत्र टिपतं. तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागाएवढं वाढलं तरी पुरतं. म्हणजे बघा, इथे उष्णता हेच साधन आणि उष्णता हाच धोका.

आता आकडे पाहू. दृश्य प्रकाशाच्या अशा एका झोतासाठी त्वचेवरची मर्यादा आहे दर चौरस सेंटीमीटरला २० मिलीज्यूल. ही ऊर्जा १० नॅनोसेकंदांत दिली, तर त्या क्षणापुरती शक्ती होते २० लाख वॅट! तरी भाजत नाही, कारण एकूण ऊर्जा थोडी असते. तव्यावरची पोळी आई नुसत्या बोटांनी उलटते ना, तसंच. बोट टेकतं न टेकतं तोच उचललं जातं.

पण बोट पुन्हा पुन्हा टेकवलं तर? म्हणून दुसरी मर्यादा सरासरी शक्तीची, २०० मिलीवॅट. भागाकार करून बघा: पूर्ण ताकदीचे झोत सेकंदाला फक्त १० देता येतात. मधल्या वेळात उष्णता पसरते, वाहतं रक्तही ती घेऊन जातं. तो वेळ दिला नाही तर ती साठत जाते. ४३ अंशांच्या वर तर प्रत्येक अंशागणिक पेशींचा सहन करण्याचा वेळ साधारण निम्मा होतो. डोळ्यांसाठीच्या मर्यादा याहून कितीतरी कडक असतात, म्हणून चष्मा हवाच.

आणखी एक गोष्ट, आपल्या जवळची. सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त असतं. ते रक्ताच्या आधीच प्रकाश शोषतं. त्यामुळे तेवढ्याच प्रकाशात गोऱ्या त्वचेपेक्षा सावळी त्वचा जास्त तापते आणि आत प्रकाश कमी पोहोचतो. चित्र फिकं आलं म्हणून प्रकाश वाढवावा, तर आधी त्वचाच तापणार!

म्हणून उद्या तुमच्यापैकी कुणी असं यंत्र बनवलं किंवा वापरलं, तर "सुरक्षित आहे" एवढ्यावर थांबू नका. किती ऊर्जा, किती वेळा आणि कुणाच्या त्वचेवर तपासलं, हे तिन्ही विचारा. विज्ञानात असं विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे, ती रुग्णाची काळजी आहे.