सलाईनचं चाक फिरवू नका राव!

कोल्हापुरात कुठल्याही वॉर्डात रात्र काढा, हे दिसतंच. चंदगड-गगनबावड्यावरनं आलेला पाव्हणा हळूच सलाईनचं चाक ढिलं करतो. "लवकर संपू दे की, मग जरा झोपंल."

500 मिलीची बाटली 8 तासांत द्यायची, तर 20 थेंबांचा 1 मिली होणाऱ्या साध्या सेटवर मिनिटाला 21 थेंब. त्यात पोटॅशियम असेल आणि ते भसाभस गेलं, तर हृदय थांबू शकतं. म्हाताऱ्या माणसाच्या फुप्फुसात नुसतं पाणीसुद्धा साचतं.

पाव्हण्याला काय बोलायचं? प्रत्येक खाटेला पंप नाही, मग थेंब मोजायला सिस्टरच लागते. रात्री एका सिस्टरकडं किती खाटा, हे मत मागायला येणाऱ्यांना कोण विचारतं? आपण नव्या इमारतीचे फोटो लाईक करतो. तोवर थेंब थांबला, हात सुजला तर चाकाला हात लावू नका, सिस्टरला हाक मारा.