चार कॅन आणि तीन तांबे

माझ्या दारातला ट्रक १९८१ सालचा टाटा बारा-दहा आहे. बारा म्हणजे मालासकट एकूण वजनाचे टन, दहा म्हणजे शंभराच्या आसपास हॉर्सपॉवर. आजच्या ट्रकांपुढं ही ताकद काहीच नाही. पण ज्यांनी असा ट्रक चालवलाय ती म्हातारी माणसं वाट वाकडी करून येतात, बॉनेटवर तळहात ठेवतात आणि म्हणतात, ‘मर्सिडीज हाय की ही.’ त्यांचं चुकत नाही. टाटांच्या टेल्को कंपनीनं १९५४ साली जर्मनीच्या डायम्लर-बेंझबरोबर करार केला आणि ट्रक बनवायला सुरुवात केली. १९६९ ला करार संपला, तोंडावरचा तीन टोकांचा तारा गेला, त्या जागी ‘टी’ आला. लोकांच्या तोंडातलं नाव मात्र गेलं नाही. माझ्या गाडीचं इंजिन ६९२ आहे. सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९२ मिलिमीटर, नावातच सगळं आलं. बिडाचा तो अख्खा ठोकळा पहाटेच्या थंडीत पहिल्यांदा धडधडतो, तेव्हा आमच्या गोठ्याचे पत्रे वाजतात.

माझे वडील, आण्णा, अशाच गाडीवर ड्रायव्हर होते. मालक दुसरा. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे रवे भरायचे, ताडपत्री आवळायची आणि गुजरातकडं निघायचं. तेव्हा खंबाटकीला बोगदा नव्हता, मुंबई-पुण्याचा द्रुतगती मार्ग नव्हता. बोरघाट उतरताना शिंगरोबाच्या देवळाला नाणं टाकल्याशिवाय आण्णा गिअर बदलत नसत. महिन्यातले वीस दिवस ते रस्त्यावर असायचे. घरी आले की त्यांच्या अंगाला डिझेलचा आणि गुळाचा मिळून एक वास यायचा, तो मला अजून नाकात आणता येतो. घरी असले की त्यांचं अर्धं डोकं बॉनेटखाली. मी बॅटरी धरायचो. ‘हिकडं धर’, ‘हालवू नको’, एवढंच काय ते आमचं बोलणं. मला ते पुरायचं, किंवा पुरतंय असं वाटायचं.

ते २०१३ साली गेले. दोन वर्षांनी सांगलीकडच्या एका वीटभट्टीवर मला हा ट्रक दिसला. पाटे बसलेले, फाळका गंजून जाळी झालेला, केबिनमध्ये कोंबड्या. मी सरकारी कचेरीत कारकून. पाना नीट धरता येत नव्हता, तरी एक लाख पस्तीस हजाराला व्यवहार केला आणि बायकोला पंच्याऐंशी सांगितले. मधले पन्नास हजार मुलाच्या नावच्या ठेवीतून मोडले होते. आईनं त्याच्या बारशाला ठेवलेली ती ठेव होती. सहा महिन्यांनी बायकोला बँकेतच कळलं. ती घरी येऊन एवढंच म्हणाली, ‘अहो, मागितले असते तर मी नाही म्हटलं असतं का?’ पैसे मी दोन वर्षांत परत भरले. पण तेव्हापासून पासबुक ती स्वतः भरून आणते, आजही.

मला सांगायचंय ते मात्र दुसरं आहे.

ट्रक हळूहळू उभा राहिला. उद्यमनगरातले एक म्हातारे मिस्त्री रविवारी यायचे. त्यांच्याकडून मी टॅपेट लावायला शिकलो, डिझेल लाइनमधली हवा काढायला शिकलो, एक-पाच-तीन-सहा-दोन-चार हा सिलिंडरांचा क्रम पाढ्यासारखा पाठ केला. त्यांचं एक सांगणं होतं. गाडी अचानक बिघडली की आधी शेवटचा हात कुठं लागला होता ते बघायचं. पंप, नोझल, वायरिंग सगळं नंतर. मागच्या खेपेला जे खोललं, जोडलं, आवळलं, तिथून सुरू करायचं. आणि तो हात आपला असला तर सगळ्यात आधी तिथंच.

मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. शाळा सुटली की दप्तर टाकून थेट ट्रकपाशी. कुठला पाना लागणार हे मी मागायच्या आत त्याला कळायचं. नट-बोल्ट तो ज्या भोकातले त्याच क्रमानं पुठ्ठ्यात खोचून ठेवायचा, ही युक्ती त्याची त्यानंच काढलेली. बॅटरीही तोच धरायचा. आणि माझ्या तोंडून आण्णांचेच शब्द यायचे, ‘हिकडं धर’, ‘हालवू नको’. फरक एवढाच की मी वर आणखी ओरडायचो. आण्णा कधी आवाज चढवत नसत.

२०१७ च्या सप्टेंबरात इंजिन पाणी खायला लागलं. हेड गॅस्केट. मिस्त्री म्हणाले, दिवाळीनंतर निवांत करू. पण मला घाई होती. खंडेनवमीला गाडीची पूजा करून दसऱ्याला ती जोतिबाच्या डोंगरावर न्यायची, असं मी मनाशी धरलं होतं आणि पाहुण्यांना सांगूनही बसलो होतो. मिस्त्रींना न कळवता मी स्वतःच हेड उतरवलं. मुलगा सोबतीला. जुनं गॅस्केट चिकटून बसलेलं असतं, ते खरवडताना कपचे उडतात आणि भोकांत पडतात. म्हणून उघडी तोंडं चिंध्यांनी बुजवायची असतात. जुना बनियन फाडून मी चिंध्या केल्या, सिलिंडरांवर ठेवल्या, पाण्याच्या वाटा बुजवल्या, हेडमधून पाणी रेडिएटरकडं जातं त्या पुढच्या तोंडातही एक कोंबली. किती चिंध्या घातल्या ते मोजलं नाही. नवमीच्या आदल्या रात्री दीड वाजता हेड चढवलं. मधल्या बोल्टपासून सुरू करून बाहेरच्या बाजूला जात, तीन फेऱ्यांत आवळलं. ते बरोबर केलं. चिंध्या काढल्या त्या कोपऱ्यात फेकल्या.

दसऱ्याला सकाळी मुलानं रेडिएटर भरला. मी त्याला सांगितलं, काठोकाठ भर, आणि अंघोळीला गेलो.

केर्लीच्या पुढं जोतिबाचा चढ लागतो. मागं दोन गाड्यांत पाहुणे होते. केबिनमध्ये मी, मुलगा आणि मेहुणे. तिसऱ्या वळणाला काटा लालात गेला. थांबायला हवं होतं. गाडी थांबवून इंजिन निवू द्यावं हे मला माहीत होतं. पण मागं पाहुणे, पुढं देऊळ, म्हणून म्हटलं वळणापलीकडं सपाटी आहे, तिथं थांबू. त्या एवढ्याशा चढात बॉनेटखालून वाफेचा लोट आला आणि ६९२ दम तोडल्यासारखं बंद पडलं.

तासाभरानं रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत पाणी नावाला. मी मुलाकडं वळलो. पूर्ण भरलं नव्हतंस ना? तो म्हणाला, ‘भरलं होतं पप्पा. पूर्ण भरलं होतं.’ मी म्हणालो, ‘मग गेलं कुठं? खोटं बोलू नकोस.’ हे मी त्याच्या मामादेखत, मावशीदेखत, कपाळाला गुलाल लावून डोंगर उतरणाऱ्या माणसांदेखत बोललो. आणि वर, ‘तुझ्यावर एक काम सोपवलं तर त्याची ही तऱ्हा.’ तो आणखी काही सांगणार होता, तोंड उघडलेलं मी पाहिलं होतं. मग त्यानं ते मिटलं. खिशातला पाना काढून सीटवर ठेवला आणि जाऊन मामाच्या गाडीत बसला.

पाणी उकळून बाहेर गेलं होतं. रेडिएटर रिकामा झाला तो इंजिन तापल्यामुळं. मी उलटं धरलं, रिकामा होता म्हणून इंजिन तापलं. चार वर्षांचं पोर तापानं फणफणल्यावर अंग गरम आहे म्हणून ताप आला, असं कुणी म्हणत नाही. मी इंजिनाबद्दल तेच म्हणत होतो. त्या दिवशी मला कारण नको होतं, धरायला कुणीतरी हवं होतं.

ट्रक ओढून आणला. ऑइल काढलं तर दुधाचा चहा असावा तसं आलं, म्हणजे पाणी ऑइलमध्ये उतरलेलं. जानेवारीत मिस्त्रींनी हेड उतरवायला घेतलं. पुढचं पाण्याचं तोंड खोलताना ते थांबले. दोन बोटं आत घालून त्यांनी एक चिंधी बाहेर ओढली. काळी पडलेली, शिजून घट्ट झालेली, पण बनियनची शिवण ओळखू येत होती. त्यांनी ती मडगार्डवर ठेवली आणि विचारलं, ‘शेवटचा हात कुणाचा हुता?’ मी म्हटलं, माझा. ते पुढं काही बोलले नाहीत. हेड वाकलं होतं, ते घासून सपाट करायला उद्यमनगरात टाकायचं होतं, त्याच्या तजविजीला लागले.

चिंधी मी खिशात घातली. मुलगा तेव्हा घरातच होता, वीस पावलांवर.

माझी खरी चूक त्या वीस पावलांत आहे. दसऱ्याला जे बोललो ते रागानं बोललो होतो, घाबरून बोललो होतो. जानेवारीत मात्र डोकं शांत होतं, पुरावा हातात होता, आणि तरी मी गेलो नाही. मनाची समजूत अशी घातली की आता चार महिने झाले, पोरगं विसरलं असेल, जुनं कशाला उकरायचं. त्या संध्याकाळी मी गावात जाऊन त्याला क्रिकेटची बॅट आणली. लहानपणी एकदा आण्णांनी माझा दोष नसताना मला मारलं होतं, तेव्हा पुढच्या खेपेला साताऱ्याचे कंदी पेढे आणले होते आणि पुडा माझ्या हातात देऊन निघून गेले होते. मला तेवढी एकच रीत ठाऊक होती. मुलानं बॅट घेतली, कपाटामागं उभी केली. ती तशीच राहिली. आतला बोल्ट ढिला असताना मी वरून ग्रीस भरत होतो.

ट्रकपाशी येणं त्यानं बंद केलं होतं. रुसून नव्हे. बोलावलं तर यायचा, बॅटरी धरायचा, सांगितलं तिथं उजेड पाडायचा. पण आता पाना मागायच्या आत पुढं येत नव्हता. नट पुठ्ठ्यात खोचणंही थांबलं. मी म्हणायचो, वय वाढतंय, मित्र झालेत. बायकोनं एकदा विचारलं, काही झालंय का तुमच्यात? मी म्हटलं, कुठं काय.

दीड वर्ष गेलं. २०१९ च्या मे महिन्यात एका दुपारी तो अंगणात सायकल उलटी करून बसला होता. मागच्या चाकाचा नट त्यानं आट्यावर नीट न धरता जोर लावून फिरवला होता, आटे गेले होते. मी ते दारातूनच बघितलं आणि रागाचे शब्द घशापर्यंत आले. त्यानं माझी चाहूल लागताच पाना मागं लपवला. तेरा वर्षांचं पोर, स्वतःच्या सायकलीचा पाना बापापासून लपवतंय. मी आत गेलो, कपाटातल्या डब्यातून चिंधी काढली, त्याच्याजवळ जाऊन खाली बसलो आणि त्याच्यापुढं ठेवली.

सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. कुठून निघाली, कुणी कोंबली होती, कधी सापडली. तू पाणी पूर्ण भरलं होतंस. मी तुला खोटारडा म्हणालो, सगळ्यांसमोर, आणि खरं कळल्यावरही दीड वर्ष गप्प बसलो. माझं चुकलं.

तो चिंधीकडं बघत होता. मग म्हणाला, ‘चार कॅन आणि तीन तांबे.’

मला कळलं नाही.

‘पाणी. पाच लिटरचे चार कॅन आणि वर तीन तांबे. मी मोजून ओतलं होतं. तेव्हा सांगणार होतो.’

दीड वर्षाहून जास्त त्यानं तो आकडा जपून ठेवला होता. कुणी विचारलंच तर सांगता यावा म्हणून. अजूनही रात्री कधी जाग आली की मला तो आकडा आठवतो आणि मग झोप लागत नाही.

त्यानं लगेच माझ्या गळ्यात हात घातला, असं काही झालं नाही. ‘मग तेव्हाच का नाही सांगितलं?’ असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, लाज वाटत होती. तो ‘बरं’ म्हणाला आणि सायकलीकडं वळला. आम्ही दोघांनी मिळून नवा नट शोधला. दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या घरी गेलो, तेव्हा जेवताना मी मेहुण्यांसमोर पुन्हा सगळं सांगितलं. मुलगा ताटात बघत होता, कान लाल झाले होते. येताना गाडीत म्हणाला, ‘परत सांगायची गरज नव्हती पप्पा.’ पण होती. ओरडलो होतो चारचौघांत, बॅट मात्र बंद खोलीत दिली होती.

आता तो बारावी झालाय. त्याला ट्रकांचं वेड नाही, हिशेब आवडतात, कॉमर्सला गेलाय. मी आग्रह करत नाही. हेड खोललं की चिंध्या किती घातल्या ते मी खडूनं मडगार्डच्या आतल्या बाजूला लिहितो, निघाल्या की एकेक खोडतो. जॅकवर गाडी चढवून खाली शिरण्याआधी लाकडी ठोकळे लावतो. फिटनेस दर वर्षी करावा लागतो, त्याचा खर्च बायकोला आधी विचारून करतो.

गेल्या खंडेनवमीला सकाळी मी गाडीला हार बांधत होतो. मुलगा अंघोळ करून आला, न सांगता कॅन उचलला आणि बॉनेटशी उभा राहिला. एक, दोन, तीन, तो मोठ्यानं मोजत होता. मी हार तसाच हातात धरून ऐकत राहिलो. चार झाल्यावर तो थांबला, रेडिएटरच्या तोंडात वाकून बघितलं आणि आईला हाक मारून तांब्या मागितला.