माउसला हात न लावता

कंट्रोल-एल दाबलं की थेट ॲड्रेस बार. एवढं एक जरी अंगवळणी पडलं, तरी माउसकडे जायची निम्मी सवय सुटते.

कंट्रोल-१ ते ८ म्हणजे त्या त्या क्रमांकाची टॅब. ९ मात्र नववी नव्हे, शेवटची. चुकून बंद केलेली टॅब कंट्रोल-शिफ्ट-टीने परत येते.

बॅकस्पेसने मागच्या पानावर जायची सोय क्रोमने २०१६ मध्ये काढली. भरत आणलेला फॉर्म त्या एका कळीपायी पुसला जायचा. काढली ते योग्यच केलं. मागे जायला ऑल्ट आणि डावा बाण आहेच.

फायरफॉक्समध्ये एकेरी अवतरणचिन्ह दाबून टाइप केलं, की शोध फक्त लिंकांमध्ये होतो. मला ही सोय फार आवडते. पण मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड चालू असेल तर त्याच कळीवर ‘ट’ बसलेला असतो. विमियम या ब्राउझरच्या एक्स्टेन्शनमध्ये एफ दाबलं की प्रत्येक लिंकवर अक्षरांची चिठ्ठी चिकटते, ती अक्षरं टाइप केली की लिंक उघडते. इन्स्क्रिप्टमध्ये एफवर ऱ्हस्व वेलांटी! विमियमच्या सेटिंगमध्ये यावर तोड आहे. मराठीत लिहिणाऱ्याने ती आधी शोधावी.

मनगट दुखतं म्हणून, हात थरथरतो म्हणून, पडद्यावरचा बाण दिसतच नाही म्हणून कीबोर्ड वापरणारे कितीतरी आहेत. एनव्हीडीए हा फुकट स्क्रीन रीडर २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने लिहायला घेतला. त्यात एच दाबलं की पुढचा मथळा, के दाबलं की पुढची लिंक. अक्षरं नुसती ठळक आणि मोठी केली, तर एच त्यांच्यावरून सरळ पुढे जातं. मथळा कोडमध्येही मथळाच हवा.

परवा एक ऑनलाइन फॉर्म. नाव, पत्ता, टॅब मारत सगळं सुरळीत. जन्मतारखेला कॅलेंडर उघडलं. टॅब मारली की ‘मागचा महिना’, पुन्हा मारली की ‘पुढचा महिना’, परत ‘मागचा महिना’. तारखांवर जाता येईना, बाहेर पडता येईना, एस्केपला दाद नाही. साल टाइप करायलाही जागा नव्हती. माउस धरता न येणाऱ्याचा अर्ज तिथेच अडकणार. याचा मला मनापासून राग येतो.

टॅब मारताना आपण कुठे आहोत ते दाखवणारी चौकट ‘बरी दिसत नाही’ म्हणून काही वेबसाइटवाले काढून टाकतात. सीएसएसमध्ये ‘फोकस-व्हिजिबल’ आहे: कीबोर्डने आलात तर चौकट दिसते, बटणावर माउसने क्लिक केलं तर नाही. आता काढायला सबब उरलेली नाही.

मॅकवर सफारीत टॅब लिंकांवर थांबत नाही. ऑप्शन-टॅब मारावं, नाहीतर ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये एकदा खूण करून ठेवावी.